रस्त्यावर नियम नसतात, म्हणूनच

‘‘ज्युदो खेळ आहे हो, मॅडम. खेळात नियम असतात. रस्त्यावर कुठले आलेत नियम?’’

माझ्या ज्युदो क्लासच्या चौकशीला आलेले पालक हे हमखास म्हणतात. शेजारी नववी-दहावीतली मुलगी पाठीला दप्तर लावून उभी असते. वडिलांच्या हातात दुसऱ्या एखाद्या क्लासचं पत्रक असतं. त्यावर छापलेलं असतं : डोळे, गळा, जांघ; हल्लेखोर तीन सेकंदांत गारद. मग ते विचारतात, ‘‘हे तुमच्याकडे शिकवता का?’’ मी नाही म्हणते. निम्मेअधिक लोक तिथूनच परत जातात. त्या मुलीचं मला वाईट वाटतं, कारण एका चुकीच्या समजुतीपायी तिचं वर्ष आणि घरच्यांचे पैसे भलत्या ठिकाणी जाणार असतात.

ती समजूत आधी नीट मांडते, म्हणजे तिच्यावर अन्याय व्हायला नको. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग यांत डोळ्यांत बोटं घालायला बंदी, गुप्तांगावर लाथ मारायला बंदी. वजनाचे गट ठरलेले, खाली गादी, मध्ये पडायला पंच. खऱ्या हल्ल्यात यातलं काहीच नसतं, आणि समोरचा बहुधा आपल्याहून दांडगा असतो. मग ज्या कलेनं स्वतःचे सगळ्यांत घातक वार काढून टाकले, ती नवख्या माणसानं का शिकायची? सरळ घातक वारच का शिकू नयेत? ऐकायला हे बिनतोड वाटतं. डॉक्टर, प्राध्यापक, पोलीस खात्यातली माणसंसुद्धा मला हे मनापासून सांगतात. माझं म्हणणं असं, की हा तर्क मुळापासून उलटा आहे. तो उलटा का आहे, हे जिगोरो कानो यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

कानो यांचा जन्म १८६० चा. अंगानं किरकोळ आणि शाळेत दांडग्या मुलांचा मार खाणारा हा मुलगा. त्यावर उपाय म्हणून ते जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांकडे शिकायला गेले. या घराण्यांच्या पोतडीत सांधे मोडणारे, गळा आवळणारे, मर्मावर मारायचे डाव भरपूर होते. अडचण अशी, की ते पूर्ण जोरानं करून कुणावर पाहायचे? सोबत्याचा कोपर रोज मोडता येत नाही. त्यामुळे घातक डावांचा सराव ठरलेल्या क्रमानंच व्हायचा. तू असा वार कर, मी असा अडवतो, मग तू पड. १८८२ मध्ये बाविशीच्या आत-बाहेर असलेल्या कानोंनी तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांसह स्वतःची शाळा काढली, आणि एक निर्णय घेतला. जे डाव पूर्ण जोरानं करता येत नाहीत ते ‘काता’मध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात, जपून ठेवले. बाकीचे डाव ‘रान्दोरी’त घेतले. रान्दोरी म्हणजे मोकळी झटापट. त्यात समोरचा सहकार्य करत नाही. त्यालाही तुम्हाला पाडायचं असतं. रान्दोरी त्यांनी शोधून काढली नाही, जुन्या काही घराण्यांत ती होती. कानोंनी तिला शिक्षणाच्या मधोमध आणून बसवलं.

आता साधा हिशेब करू. डोळ्यांत बोट घालायचा वार तुम्ही वर्षभर शिकलात. पडायची, मार खायची बिलकूल इच्छा नसलेल्या जिवंत माणसावर तो तुम्ही किती वेळा केला? एकदाही नाही. हवेत केला, पॅडवर केला, आणि सोबत्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अलीकडे थांबवला. म्हणजे थांबवण्याचाच सराव केला. ज्युदोतली मुलगी आठवड्यातून तीन दिवस येते. प्रत्येक वेळी रान्दोरीत दहा वेळा जरी कमरेवरून फेकायचा प्रयत्न केला, तरी पन्नास आठवड्यांत दीड हजार वेळा तिनं विरोध करणाऱ्या अंगाशी झुंज घेतलेली असते. त्यातल्या तेराशे वेळा ती फसलेली असते. फसल्यावर पुढे काय करायचं, हे त्या तेराशे वेळांतच शिकायला मिळतं. नियम आहेत म्हणून तिला जोर लावता आला. पत्रकातल्या कलेत नियम नाहीत, म्हणून तिथं कुणालाच कधी जोर लावता येत नाही.

आणि हे काही एकट्या जपानचं शहाणपण नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन उभं राहा. जोर-बैठका झाल्या, की लाल मातीत जोड्या लागतात. वस्ताद कडेला बसून बघत असतो आणि मधूनच एखाद्याला नावानं हाक मारून पायाची जागा दुरुस्त करायला सांगतो. ढाक कशी मारायची, पट कसा काढायचा, हे तोंडानं सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण डाव सांगून येत नाही, तो अंगात बसावा लागतो, आणि त्यासाठी रोज लढत घ्यावी लागते. कुस्तीतही बुक्की मारायला बंदी आहे, डोळ्याला हात लावायला बंदी आहे. तरी गंगावेशीच्या तालमीत उभं राहून ‘पैलवानाला स्वतःचं रक्षण करता येत नाही, कारण तो नियमात खेळतो’ असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. नियम बदलले तर अंग गोंधळतं, हा आक्षेप घेणाऱ्यांनी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पाहावं. आयुष्य मातीत गेलेलं. १९४८ ला लंडनला गादीवर, अनोळखी नियमांत लढून सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विरोध करणाऱ्या माणसाशी रोज भिडून जे अंगात मुरतं, ते पायाखालची माती बदलली तरी सोबत येतं.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला वेगवेगळ्या कलांच्या लोकांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं. वजनगट नव्हते, चावणं आणि डोळे फोडणं अशा दोन-तीन गोष्टी सोडल्या तर जवळपास सगळं चालत होतं. जिंकला रॉयस ग्रेसी, तिथल्या हलक्या माणसांपैकी एक. त्याच्या घराण्याची कला आली कुठून? कानोंचा शिष्य मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, तिथून. म्हणजे जिथं नियम सगळ्यांत कमी होते, तिथं नियमात सराव केलेला माणूसच टिकला.

एवढं सांगूनही पटत नाही, कारण हे सगळं पुरुषांचं आणि पैलवानांचं झालं. म्हणून माझ्या हॉलमधली एक गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी तिशीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या ऑफिसात दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, प्रमाणपत्र मिळालं होतं. मनगट धरलं तर कसं सोडवायचं, हे त्यांना पाठ होतं. पकडीचा कच्चा भाग म्हणजे अंगठा, त्या बाजूला झटका द्यायचा. अगदी बरोबर शिकवलं होतं. त्यांची परवानगी घेऊन मी मनगट धरलं. पण शिबिरातल्या जोडीदारासारखी धरून उभी राहिले नाही, धरून ओढत चालू लागले. खरा माणूस असंच करतो, तो तुम्हाला कुठंतरी नेत असतो. त्यांनी झटका दिला. हात सुटला नाही, त्याच दोन पावलं माझ्याबरोबर ओढल्या गेल्या. दुसरा झटका दिला. मग त्या हसल्या, आणि लगेच हसू गेलं. मी हात सोडला. बराच वेळ त्या मनगट चोळत गादीच्या कडेला बसून होत्या, आणि दुखत होतं म्हणून चोळत नव्हत्या.

पहिला महिना आम्ही त्यांना फक्त पडायला शिकवलं. मागे पडताना हनुवटी छातीला, तळहात गादीवर जोरात, आधी उकिडवं बसून, मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. दुसऱ्या महिन्यापासून ड्रेसची कॉलर-बाही धरून ढकलाढकली. पाचव्या महिन्यात मी पुन्हा मनगट धरलं आणि ओढलं. या वेळी त्यांनी झटका दिलाच नाही, आधी बूड खाली केलं. गुडघे वाकले, पाय रुतले, कोपर बरगडीला चिकटलं. माझी ओढ तिथंच अडली. मग सगळं अंग वळलं आणि माझा अंगठा उघडला. युक्ती तीच होती, शिबिरातली. फरक कमरेत होता, आणि कमरेला ती शहाणपणाची गोष्ट कुणीतरी पाच महिने ओढून, ढकलून, पाडून शिकवावी लागली.

आता समोरच्यांचं जे खरं आहे, ते मान्य करायला हवं. ‘खेळ’ ही पाटी म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. तायक्वांदोच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, म्हणून निव्वळ स्पर्धेसाठी खेळणाऱ्या मुलांचे हात खाली राहतात. कराटेच्या अनेक क्लासांत वार अंगाला लागण्याआधी थांबवतात, आणि काहींत तर समोरासमोर भिडणं कधी होतच नाही, नुसत्या रांगेत लाथा. माझ्या स्वतःच्या कलेतही हे घडलं आहे. २०१० पासून ज्युदोच्या स्पर्धांत हातानं पाय पकडण्यावर बंधनं आली, पुढे पूर्ण बंदी आली. म्हणून पायाला कुणी बिलगलं तर काय करायचं, हे कित्येक ज्युदो क्लासांत शिकवायचंच सोडून दिलं. मी शिकवते, कारण दारूडा माणूस कमरेत आणि पायातच येऊन पडतो.

पट्ट्यांचा बाजार हे तर आमच्या सगळ्यांचं पाप आहे. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला वेगळी फी, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दर्जाला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, त्याचा अर्थ पहिली पायरी. जी पायरी आहे, तिला आपण मजला म्हणून विकतो आहोत. ज्या मुलाला कुणी खऱ्या विरोधानं कधी हात लावला नाही, त्याला ‘तुला आता काही होत नाही’ असं वाटायला लावणं हा धोका आहे, आणि तो आपण पालकांच्या टाळ्यांच्या गजरात देतो.

चाकूबद्दलही स्पष्ट बोलते. पहिल्या महिन्यात रबरी चाकू हिसकावून घ्यायला शिकवणारा क्लास दिसला, तर तिथून उठा. चाकू हातात असलेला माणूस एकदा भोसकून हात पुढे धरून थांबत नाही. मोबाइल, पर्स, साखळी मागितली तर द्यावी. पळता येत असेल तर पळावं. तिघे-चौघे असतील तर कुठलीच कला पुरत नाही, आणि पुरते असं सांगणारा शिक्षक खोटं बोलतो आहे.

पण या वादात मला सगळ्यांत जास्त खुपतं ते वेगळंच. ‘रस्त्यावर’ या शब्दातच गफलत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वर्षानुवर्षांचे आकडे सांगतात, की नोंदलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. कुणी नातलग, कुणी शेजारी, कुणी वरिष्ठ, कुणी लग्नाचं वचन दिलेला. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस समोर धरून आखलेला क्लास मुलीला मामाच्या मित्राबद्दल काही सांगत नाही. आणि ज्याला लहानपणापासून काका म्हटलं, त्याच्या डोळ्यांत तिसऱ्या सेकंदाला बोटं घालायचा सल्ला कुठलीही मुलगी अमलात आणणार नाही. तिचं पहिलं अर्धं मिनिट ‘हे खरंच होतंय का’ यातच जातं. ते अर्धं मिनिट कमी करणं हे खरं शिक्षण.

हे करता येतं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी तीन-तीन तासांची चार सत्रं घेतली. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली, त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं. शिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मं. त्या बारा तासांतला बराचसा भाग ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, ‘वाईट दिसेल’ ही भीड मोडणं, आणि मोठ्यानं, स्पष्ट नकार देणं यावर होता. झटापट त्यात होती, पण ती एक भाग म्हणून.

यावर कुणी मला म्हणेल, मग बारा तास पुरतात की, तुमची दोन-तीन वर्षं कशाला? तसे बारा तास कुणी प्रामाणिकपणे देत असेल तर मुलीला आधी तिथं पाठवा, मी स्वतः सांगते. आपल्याकडच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या मुलींसाठी तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. त्या तीन महिन्यांत नुसत्या रांगेतल्या लाथा-ठोशांऐवजी हे यावं, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीवर बसलेल्या प्रत्येक पालकानं धरावा. पण पत्रकावर जे विकलं जातं, ते हे नव्हे. आणि रान्दोरीचा उपयोग इथंही आहे. वर्षभर रोज कुणीतरी अंगाला भिडलेली, श्वास कोंडलेली, खाली दाबली गेलेली मुलगी तशा प्रसंगी थिजून जाण्याची शक्यता कमी, असं माझं इतक्या वर्षांचं पाहणं आहे. दाबलं गेल्यावरही अंग हलवता येतं, हे तिला अनुभवानं ठाऊक असतं. हल्ल्याचा दोष मात्र कायम हल्लेखोराचाच. ‘तुला तर ज्युदो येत होता ना?’ हा प्रश्न ना पोलीस ठाण्यात विचारला जावा, ना घरात.

कायद्याच्या बाजूनंही घातक वारांचा क्लास तोट्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवावर बेतलं, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड टाकण्याचा प्रयत्न झाला, तर तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कायदा कुणालाच देत नाही. बसमध्ये धक्का देणारा, लग्नात दारू पिऊन गळ्यात पडणारा, पार्किंगवरून कॉलर धरणारा, हे रोजचे प्रसंग. त्यांना धरून ठेवता येतं, ढकलून मोकळं होता येतं, खाली बसवता येतं. कुस्ती-ज्युदो शिकलेल्याच्या हाती या मधल्या पायऱ्या असतात. ज्याला फक्त डोळा आणि गळा शिकवला, त्याच्यापुढे दोनच वाटा : काहीच न करणं, किंवा माणूस आंधळा करणं.

मग नवख्यानं कुठं जावं? कलेच्या नावावरून ठरवू नका. ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाई, ब्राझिलियन जुजुत्सू, प्रत्यक्ष भिडू देणारा कराटेचा क्लास, यांतलं जे घराजवळ आहे आणि जिथं आठवड्यातून तीनदा जाणं जमेल, ते चांगलं. तीन बस बदलून जायचा उत्तम क्लास दोन महिन्यांत सुटतो. बॉक्सिंग निवडलंत तर डोक्यावर जोराचे ठोसे कधीपासून आणि किती, हे विचारा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर विचाराच. गुडघे कुरकुरणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला उभ्यानं फेकाफेकी नको, जमिनीवरचं काम आधी मागा. मर्दानी खेळ शिकायचा असेल तर जरूर शिका. लाठी फिरवताना खांदे आणि नजर काय तयार होते, ते मी पाहिलं आहे, आणि ती विद्या टिकली पाहिजे. पण दांडपट्टा घेऊन कुणी लोकलमध्ये चढत नाही, हे लक्षात ठेवून शिका.

मुलीच्या क्लासबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या विचारायला लोक संकोचतात. कपडे बदलायला दाराला कडी असलेली जागा आहे का? आणि क्लास चालू असताना पालकांना बसू देतात का? यातल्या एकालाही ‘नाही’ उत्तर आलं, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

वार्षिक स्नेहसंमेलनातलं प्रात्यक्षिक पाहून प्रवेश घेऊ नका. कौलं फोडणं, पेटत्या रिंगणातून उडी, एकानं चौघांना लोळवणं, हे सगळं पाठ केलेलं असतं. मधल्याच कुठल्यातरी मंगळवारी, न सांगता जा. एक कोपरा पकडून शेवटची वीस मिनिटं बघा. त्या वीस मिनिटांत दोन शिकणारे एकमेकांशी खरोखर भिडतायत का? ज्याला पाडायचंय, तो पडायचं नाही म्हणून धडपडतोय का? हलकी मुलगी जड मुलाबरोबर जोडीला असेल, तर तो जोर आवरून खेळतोय का, आणि नसेल आवरत तर शिक्षक तिथल्या तिथे थांबवतो का? कुणाला लागलं तर बर्फ कुठाय, हे सगळ्यांना माहीत आहे का? आणि शिक्षक स्वतः कधी गादीवर उतरून विद्यार्थ्याच्या हातून पडतो का?

फी भरण्याआधी हे पाहू द्या, एवढंच मागा. पाहू देत नसतील, तर पैसे खिशात ठेवा आणि मुलीला घेऊन परत या.